जिन्याखालची भिंत

रेश्माने विचारलं, "खाली बसलं तर वर डोकं लागंल का?" आणि उत्कर्षा म्हणून गेली, "छे, आरामात बसाल." शब्द तोंडातून सुटले आणि मग तिच्या लक्षात आलं, आपण काय बोललो. नकाशात त्या जागेवर 'स्टोअर' असं लिहिलेलं होतं, तिनेच लिहिलं होतं, आणि स्टोअरमध्ये कोणी बसत नाही. तिथे गव्हाची पोती राहतात, जुना कूलर राहतो, दिवाळीचे आकाशकंदील राहतात. समोरच्या मोठ्या पडद्यावर इंद्रजीतच्या होणाऱ्या बंगल्याचं मॉडेल फिरत होतं ते थांबलं होतं, नेमकं जिन्याखाली. तिरक्या माथ्याची ती भिंत, तिच्यातलं बुटकं दार, दारातून दिसणारी क्रीम रंगाची फरशी. इंद्रजीत मोबाईलकडे बघायला लागला. त्याच्या आईने, बजाबाईंनी, समाधानाने मान हलवली. महेश्वर सर, म्हणजे या ऑफिसचे मालक आणि आर्किटेक्ट, चहाचा कप खाली ठेवत म्हणाले की आमची उत्कर्षा बारीकसारीक सगळ्याचा विचार करून ठेवते. आणि रेश्मा, इंद्रजीतची बायको, जिने सगळ्या मीटिंगमध्ये हा एकच प्रश्न विचारला होता, ती पुन्हा मांडीवरच्या पर्सकडे बघत राहिली. उत्कर्षाने माउस हलवला आणि सगळ्यांना घेऊन ती जिना चढून वरच्या मजल्यावर गेली, जिथे मास्टर बेडरूम होती, तिचं फॉल्स सीलिंग होतं, आणि लाज वाटावी असं काही नव्हतं.

पण लाज काही जिन्याखाली राहिली नाही, तिच्याबरोबर वर आली. मंडळी गेली, सर साइटवर गेले, तरी ती तशीच पडद्यासमोर बसून होती. विजापूर रोडवरून उन्हाचा लोट काचेपर्यंत येऊन थांबत होता. तिला बजाबाईंची पहिली भेट आठवली. मैंदर्गीहून त्या एस.टी.ने आल्या होत्या, शेत बघत त्या तिकडेच राहत, आणि लेकाच्या बंगल्यात आपली एकच गोष्ट हवी म्हणाल्या होत्या. त्या कुजबुजल्या नव्हत्या की लाजल्या नव्हत्या. "सुनंला अडचण असली की बसायला जागा पायजे. आमच्या घरात देवीचं लई कडक हाय. आमी गोठ्यात बसत हुतो, म्हशीच्या शेपटीचा मार खात. हिला तसं नगं. चांगली फरशी घाला, लाइट घाला, आन् मोरीला बाहेरनं वाट ठेवा." सरांनी मान डोलावली होती. क्लायंटला स्विमिंग पूल हवा असला तर ते मान डोलावत आणि बोअरचं पाणी कुठे आहे हे नंतर विचारत. मग उत्कर्षाकडे वळून ते हळूच म्हणाले, कॉर्पोरेशनच्या नकाशावर काय लिहायचं? आणि उत्कर्षा लगेच म्हणाली होती, स्टोअर लिहू सर. इतक्या लगेच, की जणू शब्द तोंडात तयारच होता.

खरं तर त्या भिंतीचं तिला कौतुकच वाटलं होतं, हेच आता टोचत होतं. भिंत म्हणजे सॉफ्टवेअरच्या दृष्टीने साधी गोष्ट. तळ इथे, माथा तिथे. छताला चिकट म्हटलं की चिकटते. जिन्याला मात्र चिकटत नाही. जिन्याखाली उभी केली की ती पायऱ्या फोडून खुशाल वर निघून जाते. मग तिची बाजू उघडायची, आणि तिची वरची कड हाताने, जिन्याच्या पोटाखालच्या तिरक्या रेषेवरून, थोडी थोडी ओढत न्यायची. इतकं करून सरांनी पायरीची उंची बदलली की जिना हलणार आणि भिंत ठोंब्यासारखी जागच्या जागी, पुन्हा पहिल्यापासून. ऑफिसातल्या बाकीच्यांना हे जमत नसे. उत्कर्षाला जमत असे, आणि कड रेषेवर अचूक बसली की तिला गरम पोळी टम्म फुगल्यावर होतो तसला आनंद होई. त्या आनंदात तिने दार बसवलं, मोरीकडची वाट काढली, वर एक जाळी ठेवली. उंची तपासायला म्हणून सॉफ्टवेअरमधली तयार माणसं उघडली. सगळी उभी होती. बॅगवाला पुरुष, फोनवर बोलणारी बाई, कुत्रा फिरवणारा म्हातारा. काही खुर्चीवर बसलेले. जमिनीवर बसलेलं कोणी नव्हतं. तिने ती फोनवाली बाई आत उभी केली तर तिचं डोकं पायरीतून वर आलं. तिने बाईला पुसून टाकलं आणि अंदाजाने उंची धरली. भिंतीला पाठ टेकून, गुडघे जवळ घेऊन, मान जराशी खाली घालून बसलेल्या बाईचं डोकं कुठवर येतं, हे तिला कोणाला विचारावं लागलं नाही.

कारण तीही बसत होती. जुळे सोलापुरात, लिफ्टच्या बिल्डिंगमध्ये, टाइल्सच्या फ्लॅटमध्ये. नवरा शिवराज पॉलिटेक्निकला लेक्चरर. सासूबाई निवृत्त शिक्षिका, मराठी आणि भूगोल. जबरदस्ती म्हणून कोणी केली नव्हती. लग्नानंतर पहिल्यांदा अडचण आली तेव्हा सासूबाई हसून म्हणाल्या होत्या, आता तुला सुट्टी हं, आराम कर. इतक्या प्रेमाने, की नाही म्हणायला जागाच ठेवली नाही. ताट वेगळं निघालं, पाण्याची बाटली वेगळी निघाली, चटई निघाली. जागेचं तर नावही कोणी घेतलं नाही, ती आपोआप ठरली. शिवराज त्या दिवसांत जरा जास्तच मायेने विचारपूस करायचा, लांबून. भांडण करायला समोर कोणीतरी वाईट माणूस लागतो, तो त्या घरात नव्हता. आणि सकाळी अंघोळ करून ती ऑफिसात आली की सगळं जग हात लावायला मोकळं. कुलूप तीच उघडायची, गणपतीच्या तसबिरीला उदबत्ती तीच लावायची, अडचण असो नसो. आपण देवाला फसवतोय असं तिला कधी वाटलं नाही. घरच्यांना फसवतोय असं मात्र वाटायचं. महिला दिनाला ती स्टेटस ठेवायची, लाल रक्ताच्या थेंबाचं चित्र आणि खाली ठणठणीत चार ओळी, आणि सासूबाईंना ते दिसणार नाही अशी सेटिंग करून ठेवायची. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. कॉलेजातली एक मैत्रीण सासरी बाजूला बसते म्हणून हिने तिला फोनवर केवढं झापलं होतं. ती मैत्रीण नंतर फोन करेनाशी झाली.

आणि त्याच्याही आधी मंगळवेढ्याला, हुरड्याच्या दिवसांत, ती नववीत असताना. सगळं गोत शेतात जमलेलं, आगटी पेटलेली, ज्वारीची कणसं भाजून हातावर चोळायचा तो खमंग वास, आणि ती एकटी बांधाच्या पलीकडे पोत्यावर. कोणीतरी सोडून आल्यासारखी. मामी गरम हुरडा घेऊन आली, आणि हिने ओंजळ पुढे केली तर मामीने वरून, हाताला हात न लागेल अशा बेताने, दाणे सोडले. काही ओंजळीत पडले, काही ढेकळांत. मोठा मामेभाऊ लांबून बघत होता. तो कळून बघत होता की नुसताच, हे तिला आजही ठरवता येत नाही, पण दाणे गरम होते आणि ते तोंडात टाकताना आपण रडायचं नाही असं तिने ठरवलं होतं. हुरडा तिला अजून आवडतो. लोक म्हणतात बालपणीच्या चवी विसरत नाहीत. ती काही नेहमी कौतुकानेच म्हणायची गोष्ट नव्हे.

"आरामात बसाल." हे आपण कोणत्या तोंडाने म्हणालो, हा प्रश्न तिला पुढचे काही दिवस सोडेना. भाजी निवडताना, स्कूटीवर सिग्नलला उभी असताना. रेश्माचा चेहरा नीटसा आठवत नव्हता, आठवत होती ती तिची पर्स, तपकिरी, एका कोपऱ्यात रेक्झिन सुटलेली, आणि ती सोलून काढणारं नख. ही बाई चाळिशीकडे निघाली असेल. नव्या बंगल्यात नवरा दुकानाचं गोडाऊन मागतो, सासू हिला बाजूला बसायला खोली मागते, आणि हिच्या वाट्याला प्रश्न कोणता, तर डोकं लागेल का. तोही विचारावा लागला, कारण मॉडेलमध्ये जमिनीवर बसणारी बाई नव्हती. उत्कर्षाला राग आला. तो बजाबाईंवर नीट बसेना, कारण त्या बिचाऱ्या म्हशीपासून सुनेला सोडवत होत्या. सरांवर बसेना, इंद्रजीतवर थोडा बसला आणि ओसरला. शेवटी राग जे हाताशी होतं त्याच्यावर आला, त्या भिंतीवर. आणि भिंत तर तिच्याच हातातली होती.

तिने काय केलं, तर जिन्याच्या मधल्या टप्प्याखाली जो आडवा बीम होता तो मॉडेलमध्ये थोडा खाली ओढला. फार नाही. बुटक्या दाराच्या चौकटीला आडवा येईल इतपत. मग सरांना हाक मारली आणि सांगितलं की दाराला उंची मिळत नाही, पायऱ्यांची मापं बदलल्यावर हे लक्षात आलं, भिंत काढून खालचं मोकळंच ठेवावं लागेल, कुंड्या छान दिसतील. बोलताना तिचे कान तापले होते. सर चष्म्यावरून पडद्याकडे बघत म्हणाले, परवा तर बसत होतं की. ती म्हणाली, परवा नजरचूक झाली सर. मॉडेल खोटं बोलत नाही, हे सरांचं क्लायंटला सांगायचं आवडतं वाक्य होतं आणि बहुधा त्यांचा स्वतःचाही त्यावर विश्वास होता. सॉफ्टवेअर ते स्वतः कधी उघडत नसत. त्यांनी तिथल्या तिथे इंद्रजीतला फोन लावून बीम आडवा येतोय ते सांगितलं. इंद्रजीत दुकानाबाहेर ठिबकच्या पाइपांच्या ट्रकपाशी उभा असावा, मागून हमालांचा आवाज येत होता. तो म्हणाला, नसंल बसत तर जाऊ द्या की सर. संपलं. उत्कर्षाने भिंतीवर क्लिक केलं, बटण दाबलं, आणि जिन्याखाली उजेड आला. तिथे तिने कुंड्या ठेवल्या.

त्या दिवशी ती घरी जाताना गुणगुणत होती. आपण कोणाला न सांगता, कोणाला न दुखवता, एका बाईची सुटका केली. जागाच नाही म्हटल्यावर काय करतील? रूढीलाही शेवटी चार भिंती लागतात, असं एक वाक्य तिला सुचलं आणि फार आवडलं. पुढच्या महिला दिनाला ठेवण्यासारखं. आपल्या स्वतःच्या फ्लॅटच्या नकाशातही अशी कोणती खोली नव्हती, आणि तरी काही अडलं नव्हतं, हे तिच्या मनात आलं नाही. किंवा येत होतं, तिने येऊ दिलं नाही. मांजर डोळे मिटून दूध पितं ते काय दुसरं.

रेश्मा आली ती भर दुपारी. शटरं खाली ओढून सगळा रस्ता झोपलेला असतो तसल्या वेळी, तोंडाला स्कार्फ गुंडाळून, एकटी. सर कुंभारीच्या साइटवर गेले होते, बाकीचे जेवायला. शिंप्याकडे आले होते, म्हणून वळले, असं तिने आल्या आल्या सांगितलं, न विचारता. खुर्चीच्या कडेवर बसली, पाणी प्याली. उत्कर्षाला एकदम वाटलं, ही आभार मानायला आली. तिला कसं कळलं असेल कोण जाणे, पण बायकांना कळतं. आपण काय म्हणायचं हेही तिने मनात जुळवलं, अहो त्यात काय एवढं, असं काहीतरी. रेश्माने स्कार्फची घडी घातली, परत मोडली, आणि मग अगदी हळू विचारलं की ती भिंत खरंच होत नाही का. काहीच करता येणार नाही का.

मग तिने सांगितलं. हळूहळू, मधे मधे थांबत, बोलायची सवय नसलेल्या बाईसारखं. आता भाड्याच्या घरात ती पुढच्या गॅलरीत बसते. गॅलरी रस्त्यावर. नव्या घरात भिंतीआड बसायला मिळणार म्हणून तिने वर्षभर दिवस काढले होते. सासूबाई मैंदर्गीहून फोन करून विचारायच्या, फरशी कोणती घालायची ते बघितलंस का. आता जिन्याखाली जागा होत नाही म्हटल्यावर पोर्चमध्ये बसायचं ठरलं आहे, दुकानाच्या मोटारसायकली लागतात तिथे, एका कडेला. घरच्यांचाही इलाज नाही, घरात देवी आहे. सासूबाईंना वाईटच वाटलं, रेश्मा म्हणाली, रागाने नव्हे. उत्कर्षा माउस धरून बसली होती. पडद्यावर जिन्याखाली कुंड्या होत्या, हिरव्यागार.

"दूधवाल्याला कळतं," रेश्मा म्हणाली. "दुकानातली माणसं किल्ल्या न्यायला येतात, त्यांस्नी कळतं. माझी तारीख मला ध्यानात नसती, गल्लीला असती." ती जराशी हसली. "माझं काय, झालं आता. थोरली सातवीत हाय. तिचं आता कवाबी येईल. तिला तसं मोटारसायकलींपाशी... तेवढी भिंत द्या की ताई. पोरगी तिच्याआड तरी बसंल."

आपण कुंड्या ठेवल्या तेव्हा आपल्याला किती छान वाटलं होतं, ते आठवून उत्कर्षाला तोंड लपवावंसं वाटलं. आणि तरी, तोंड लपवायच्या ऐवजी, तिने ते उघडलं. माणसाला लाज वाटली की तो गप्प बसतो म्हणतात. ती गप्प बसली नाही. ती म्हणाली की तुम्ही घरी सांगून का बघत नाही, की नाही बसणार म्हणून. मुलीसाठी तरी. काळ बदललाय. आवाज तिचाच होता, स्टेटसवरच्या चार ओळींचा, ठणठणीत. रेश्माने तिच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. त्या बघण्यात राग नव्हता, कुतूहल होतं. लांबच्या गावाला पाणी रोज येतं का, असं विचारताना असतं तसं.

"तुमच्याकडं न्हाय व्हय असलं?"

"नाही," उत्कर्षा म्हणाली. "आमच्याकडे असलं काही नाही."

"बरं हाय." रेश्माने मान हलवली. मग म्हणाली, "मग आमचं बघून हसू येत असंल तुमाला."

उत्कर्षा पडद्याकडे वळली. दुसरं कुठे वळायला नव्हतं. हसू येत नाही हो, असं म्हणता आलं असतं. मीपण बसते, एवढं म्हणायला तर एक श्वास पुरला असता. तो श्वास तिने घेतला आणि तसाच सोडून दिला. तिला स्वतःचीच किळस आली, आणि त्या किळसेत एक चमत्कारिक सुटकाही होती, की आता या बाईच्या नजरेत तरी आपण मोकळ्या आहोत, जगात असं समजणारं एक तरी माणूस आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची. तिने कुंड्या पुसल्या. बीम वर सरकवला, मुळात जिथे होता तिथे. भिंत उभी केली. ती सवयीप्रमाणे पायऱ्या फोडून वर गेली, आणि उत्कर्षा तिची कड धरून तिरक्या रेषेवरून खाली आणू लागली. कड दोनदा सुटली. मागून रेश्माने विचारलं, बीम आता वर गेला का? उत्कर्षा म्हणाली, माझीच चूक झाली होती, आता सापडली. "आमचं नशीब की सापडली," रेश्मा म्हणाली, अगदी मनापासून. हे ऐकून उत्कर्षाला वाटलं, हिने आपल्या कानाखाली मारली असती तर बरं झालं असतं.

भिंत झाली. रेश्मा उठून पडद्याजवळ आली, बराच वेळ बघत राहिली, आणि ओशाळून म्हणाली की मला ह्यातलं कळत नाही, केवढं आहे ते समजत नाही. मोठं दिसतंय की बारकं. उत्कर्षाने आकडे सांगितले. आकड्यांनी तिचं समाधान झालं नाही, ते तोंडावर दिसत होतं. मग उत्कर्षाच्या डोक्यात आलं की याच बिल्डिंगचा जिना जवळपास तेवढाच आहे, आणि त्याच्याखाली तशीच जागा आहे, विजेचे मीटर आणि झाडणारीचा खराटा सोडला तर मोकळी. तिने टेप घेतला, रद्दीतले मोठे नकाशे घेतले, आणि दोघी खाली गेल्या. दुपारचं बिल्डिंगमध्ये कोणी नव्हतं. तळाशी जरा थंडावा होता, धूळ आणि जुन्या चुन्याचा वास. उत्कर्षाने खराटा बाजूला ठेवला, नकाशे पसरले. कोणाकोणाच्या बेडरूम, कोणाकोणाचे हॉल. रेश्मा चपला काढून, वाकून आत गेली आणि भिंतीला पाठ टेकून बसली. डोकं वर करून बघितलं. वर हात लावला, बोटं टेकली. बरं हाय, म्हणाली. उत्कर्षाने बाहेरून टेप धरला आणि तिच्या डोक्यापासून वरच्या तिरक्या छतापर्यंतचं अंतर मोजलं. रेश्मा आणखी आत सरकली, पाय लांब करून बघितले, आडवं होता येईल का ते बघितलं. स्वतःचं घर बघायला आलेल्या माणसाची बारकाई तिच्यात आली होती. नव्या बंगल्यातला हा एकच भाग असा असावा ज्याबद्दल तिला कोणी विचारणार होतं.

"आन् ताई, दोघींचं एकदम आलं तर? माझं आन् पोरीचं?" तिने विचारलं. "तुमी जरा बसता का हितं शेजारी? म्हंजे मावतंय का कळंल."

उत्कर्षा चपला काढून आत गेली. वाकताना तिच्या मनात फक्त मापं होती, खांद्याची रुंदी, दोघींमधलं अंतर. बसायचं म्हणून बसली. ओढणी पुढे ओढून तिने मांडीत गोळा केली, कुर्त्याचा घेर दोन्ही बाजूंनी आत दुमडून मांड्यांखाली दाबला, गुडघे जवळ घेतले, दोन्ही हात पोटाशी, एकात एक. रेश्माच्या साडीपासून एक वीत जागा सोडून. अंग चोरून. मग वर बघून म्हणाली, मावतंय की. उत्कर्षाने मान वळवली तर रेश्मा छताकडे बघत नव्हती. ती उत्कर्षाच्या मांडीखाली दाबलेल्या कुर्त्याच्या काठाकडे बघत होती, आणि मधे सोडलेल्या त्या वीतभर जागेकडे, आणि मग तिने स्वतःच्या साडीकडे पाहिलं. तिचाही घेर तसाच आत दाबलेला होता. असं कोणी कोणाला शिकवत नाही. आपलं कापड दुसऱ्याच्या कापडाला, भांड्याला, चटईच्या कडेला लागायला नको, म्हणून ज्याला वर्षानुवर्षं जपावं लागतं त्याच्याच अंगात ते बसतं. उत्कर्षाला कळलं की आपण पकडलो गेलो. घेर सोडवायला पाहिजे, पाय पसरायला पाहिजेत, काहीतरी बोलायला पाहिजे, असं तिला वाटत राहिलं आणि अंग तसंच आवळलेलं राहिलं. जिन्यावरून कोणीतरी वर गेलं, पावलं डोक्यावरून टप टप करत गेली. दोघींनी माना खाली घातल्या, एकदमच.

पावलं वर जाऊन दार वाजेपर्यंत रेश्मा थांबली.

"तुमी कुटं बसता?" तिने विचारलं.

खोटं बोलायला आता जागा नव्हती. "ड्राय बाल्कनीत," उत्कर्षा म्हणाली. "वॉशिंग मशीनच्या शेजारी."

रेश्माने ते डोळ्यांसमोर आणलं असावं. ती विचार करून म्हणाली, "मग मशीन कोण लावतं तवा?"

"सासूबाई."

"तुमच्या अंगावरनं वाकून?"

"व्हय," उत्कर्षा म्हणाली.

हे तिने कधी कोणाला सांगितलं नव्हतं. शिवराजला ते दिसायचं, म्हणजे त्याला वेगळं सांगायला लागत नव्हतंच. सासूबाई किती काळजीने वाकायच्या, एका हाताने पदर सावरून, दुसऱ्या हातात सगळ्यांच्या कपड्यांचा पिळा, हिच्या डोक्याला लागू नये म्हणून, सॉरी गं, असं म्हणत. आणि ही मान खाली घालून जागा करून द्यायची. तिच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. फक्त तोंड इतकं गरम झालं की चुन्याच्या भिंतीचा गारवा तिला गालाजवळ जाणवला. रेश्मा हसेल, किंवा मघाचं खोटं का बोललात म्हणून विचारेल, याची ती वाट बघत राहिली. रेश्माने यातलं काहीच केलं नाही. तिने दोघींमधल्या त्या जागेवर पंजा ठेवून अंदाज घेतला आणि म्हणाली, "मग जरा रुंदीला वाढवा की ताई. पोरगी मोठी झाली की दाटतंय हितं. घ्या की मोजून."

टेप उत्कर्षाच्या गुडघ्यापाशीच पडला होता. आज तिला अडचण नव्हती, कशालाही हात लावायला ती मोकळी होती, तरी तो उचलायला तिचा हात पुढे होईना.